जाकड आणलेल्या गळाच्या काठ्या

आमच्या नांदेडात साड्या जाकड आणतात. चार-पाच साड्या घरी न्यायच्या, सगळ्या बायकांना दाखवायच्या, एक ठेवायची आणि बाकीच्या घडी न विस्कटता परत करायच्या. पण मासे धरायच्या काठ्या जाकड आणणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझे बाबा. आणि त्याही समुद्रासाठी! नांदेडपासून समुद्र किती लांब आहे हे मी वेगळं सांगायला नको.

बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. लहानपणापासून गोदावरीवर गळ टाकून बसायचे. आमच्याकडची रीत अशी, की लांब, जड काठी दोन दगडांत रोवायची, गळाला कणकेची गोळी लावायची आणि शेजारी उकिडवं बसून गप्पा हाणायच्या. वजन दगडांनी पेलायचं, माणसानं फक्त वाट बघायची. गेल्या वर्षी मात्र त्यांचा उजवा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. केससुद्धा आईच विंचरून द्यायची. लातूरच्या डॉक्टरांनी भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सांगितला होता. "भिंतीशी काय खेळायचं?" म्हणत बाबांनी तो सोडला, मग नदीही सोडली, आणि दिवसभर टीव्हीसमोर बसू लागले. त्यांना तसं पाहून माझा जीव तुटायचा आणि रागही यायचा.

तेवढ्यात माझ्या धाकट्या बहिणीची बदली कोकणात झाली. तिनं एक व्हिडिओ पाठवला. कमरेइतक्या पाण्यात उभी असलेली माणसं, हातात काठ्या, अंगावर लाटा. बाबांनी तो इतक्या वेळा पाहिला की आईनं शेवटी फोन लपवून ठेवला.

"मला असं उभं राहायचंय," बाबा म्हणाले.

"राहा की," आई म्हणाली. "पण आधी हात वर करून दाखवा. काठी पेलली तर कोकण, न्हाई तर टीव्ही."

नदीच्या रस्त्यावर जाळी आणि गळ विकणारं एक दुकान आहे. दुकानदार बाबांच्या जुन्या ओळखीचा. "काका, हितं समुद्राचं गिऱ्हाईक कोण येतंय?" असं म्हणत त्यानं माळ्यावरून तीन काठ्या काढल्या. एक लांबलचक आणि जाडजूड, एक मधली, एक आखूड आणि हलकी. बाबांनी लांबडी उचलली आणि त्यांचा चेहरा खुलला. मी म्हटलं, समुद्रात रोवायला दगड कुठून आणणार? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी रिक्षा बघायला निघाले. तिन्ही काठ्या जाकड घेऊन आम्ही रिक्षात बसलो. लांबडीचं टोक रस्ताभर बाहेर होतं.

दुकानदारानं जाताना एवढंच बजावलं होतं, "खाऱ्या पाण्यात कड्या गंजतात, बघून घ्या." दोरा ज्यातून जातो त्या कड्यांबद्दल तो बोलत होता. बघून घ्या म्हणजे नीट निरखून घ्या. बाबांनी काय करावं? लोणच्यासाठी आणलेलं खडेमीठ गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीशेजारी नेलं आणि बादलीत समुद्र तयार केला. मग बहिणीला फोन लावला.

"समुद्र किती खारट असतो गं?"

"वरणात दोनदा मीठ पडल्यावर लागतं ना, त्याहून जास्त."

बाबांनी पाणी चाखलं, तोंड वाकडं केलं आणि आणखी मीठ टाकलं. तिन्ही काठ्यांची टोकं बादलीत बुडवून ते मोठ्या समाधानानं जेवायला आले. काही दिवसांत लांबडीच्या कड्यांवर तांबूस डाग उमटले. बाकी दोघी लख्ख होत्या. जाकड माल डागला की तो आपला, हा बाजाराचा नियम. दुकानदार पोट धरून हसला. "काका, लई शहाणे तुम्ही. गोदावरीला वापरा ती." सध्या आम्ही तिनं शेवग्याच्या शेंगा पाडतो.

उरल्या दोन. आईनं निकाल लावायचा दिवस ठरवला. रविवारी सकाळी आम्ही घाटावर गेलो. बाबा कमरेइतक्या पाण्यात उतरले, आई थर्मास घेऊन पायरीवर बसली. मधल्या काठीची मूठ लांब होती. ती सारखी पाण्याला आणि पोटाला लागायची, आणि आईचा चहा संपायच्या आत टोक खाली झुकलं. मग आखूड काठी. बाबा कुरकुरले, "हे तर खेळणं हाय."

"तुम्ही काठीकडं बघून राहिले," आई ओरडली, "जरा खांद्याला इचारा!"

बाबांनी काठी पुढे धरली. आईनं दुसऱ्यांदा चहा ओतला, तोही संपला, तरी टोक वरच होतं. एक ठेवली, एक परत गेली. त्या दिवसापासून बाबा रोज गच्चीवर जाऊन रिकामा दोरा भिरकवायचे. डॉक्टरांची भिंत जी करू शकली नाही ते त्या खेळण्यानं केलं. हात रोज थोडाथोडा वर सरकत होता. मला दिसत होतं, पण बोलायची भीती वाटायची.

कोकणात पोचल्यावर बाबांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि सवयीनं वाळूत दोन दगड शोधले. मग स्वतःशीच हसले आणि पाण्यात शिरले. आई साडी खोचून मागोमाग गुडघ्यापर्यंत गेली, त्यांच्या शर्टाचं टोक मुठीत धरून. लाट आली की दोघं एकदम किंचाळायची. बराच वेळ काही लागलं नाही. अचानक काठी वाकली, बाबांनी हिसका दिला आणि तळहाताएवढा मासा हवेत नाचू लागला. "लागला! लागला!" असं ओरडत त्यांनी काठी डोक्यावर उंच धरली. उजव्या हातानं. हात सरळ आभाळाकडे होता. मी किनाऱ्यावर उभी राहून रडत होते आणि हसतही होते.

आईनं शर्ट सोडला. "बरं झालं," ती म्हणाली. "उद्यापासून केस तुमचे तुम्ही विंचरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंघोळ करून आले आणि कंगवा घेऊन आईसमोर मुकाट बसले. आईनं भुवया उंचावल्या.

"समुद्रातच जातो वर," बाबा म्हणाले. "घरात न्हाई जात."

आईनं कंगवा घेतला.