गिरणीचा सूर

सोमवारी संध्याकाळी गिरणीच्या अक्कांना रस्त्यात कुणी हाक मारली, तर त्या ओ देत नसत. ओठ घट्ट मिटलेले, एक हात गालावर आणि नाकातून बारीक 'ऊं' चाललेला. गिरणीपासून मठापर्यंत असतील साठेक पावलं. तेवढ्या वाटेत पाहुणा भेटो की सोयरा, अक्का दुसऱ्या हातानं फक्त 'थांबा' अशी खूण करत. मठात येऊन बसल्या की तो 'ऊं' तोंड उघडून बाहेर येई आणि बसवण्णांचं पहिलं वचन सुरू होई. भजन संपल्यावर त्या बाहेर डोकावत, "व्हय, आता बोला, काय म्हणत होतावं?" तोवर पाहुणा बस धरून भालकीला पोचलेला असे.

हा 'ऊं' त्या गिरणीतून आणत. दळण संपलं की दगड सैल सोडून रिकामी गिरणी घटकाभर चालवायची, मोटारीवर तळहात ठेवायचा आणि तिचा सूर उचलायचा. मी मठात पेटी वाजवतो. पेशानं शाळामास्तर, घर गिरणीच्या अगदी समोर, जन्मही तिथलाच. पेटी पुढ्यात असताना या बाईंनी सूर गिरणीवरून आणावा, याचा मला सुरुवातीला राग यायचा. एकदा बोलून दाखवलं.

"पेटीचं काय मास्तर," अक्का म्हणाल्या, "जो बोट ठेवंल त्याचं ऐकती. माझी गिरणी कुणाचं ऐकत न्हाई."

गिरणीचा सूर काळी चार. मी गुपचूप पेटीवर लावून पाहिला होता.

दळणाला आलेल्या माणसांचं गुणगुणणं अक्का कान देऊन ऐकत. शाळेतल्या पोरी मोबाईलवरची नवी चाल एका ऐकण्यात उचलत आणि दिवाळीपर्यंत विसरत. बायकांना शब्द पाठ, पण सुरू कुठून करतील त्याचा नेम नाही. आणि पिठाच्या डब्यावर बसून पाय हलवणारी माझी लेक भाग्या, तेव्हा चार वर्षांची, काहीही म्हणू दे, बडबडगीत म्हणू दे नाहीतर जाहिरात, काळी चारमध्येच म्हणायची.

"लेकरू आधी सूर धरतंय," अक्का सांगत. "शब्द आले की सूर सोडतंय. दोन्ही धरून ठिवणारं लाखात एक."

ते लाखातलं एक कोण, हे त्या सांगत नसत. आपण समजून घ्यायचं.

आणि एका सोमवारी, सत्तरी ओलांडलेल्या अक्का मठात आल्या, तोंड उघडलं आणि थांबल्या. "सूर चढलाय," म्हणाल्या. पुन्हा गिरणीकडे गेल्या, पुन्हा आल्या. "चढलाय." तशाच उठून घरी गेल्या.

आळ आला थोरल्या मुलावर. गिरणी आता तोच चालवायचा. "तू मोटार बदललीस!"

"न्हाई गं अव्वा. बसवण्णाची शपथ."

"मग ती कामून वरडायलीय?"

बिचाऱ्यानं टाकी लावून दगडांच्या खाचा नव्यानं पाडून घेतल्या, पट्टा बदलला, बसवकल्याणहून मिस्त्री आणला. अक्कांचं समाधान होईना. त्यांनी गाणं सोडलं, मठ सोडला आणि मुलाशी बोलणंही सोडलं. मुलगा माझ्याकडे येऊन रडला. म्हणाला, "मास्तर, अव्वाचं गाणं मी मोडलं म्हणायलेत लोकं."

मग मी पेटी उचलून गिरणीत गेलो. अक्कांसमोर गिरणी रिकामी चालू केली आणि काळी चार दाबली. दोन्ही सूर एकात एक मिसळले. कसलाही फरक नव्हता.

अक्कांनी ऐकलं. "मग तुमची पेटीबी चढली."

मला हसू फुटलं. अक्का हसल्या नाहीत. बराच वेळ त्या पदराच्या टोकाला गाठ मारत बसल्या.

"गिरणी एक चढंल मास्तर. पेटी एक चढंल. दोगी मिळून कशाला चढत्यात?" मग हळूच म्हणाल्या, "माजेच कान चढले म्हणा की."

वय झालं की काहींचे कान असे सूर वर ऐकू लागतात, हे मला पुढं कळलं. अक्कांनी मुलाला हाक मारली आणि कितीतरी दिवसांनी विचारलं, "च्या पिलास का रे?"

तो आत जाऊन डोळे पुसून आला. पण गाण्याचं काय? "मलाच खोटा वाटतोय तो सूर देवापुढं कसा लावू?" अक्कांनी विचारलं. तेवढ्यात वीज गेली. गिरणी बंद पडली.

अक्का डब्यावर बसलेल्या भाग्याकडे वळल्या. "भाग्या, गिरणी कशी करती गं?"

"ऊं," भाग्या म्हणाली.

मी पेटीवर बोट ठेवलं. काळी चार.

"हिच्या कानातली गिरणी अजून जाग्याव हाय," अक्का म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी गल्लीनं पाहिलं. पुढं भाग्या, ओठ घट्ट मिटून, गालावर हात ठेवून; मागं तिच्या खांद्यावर हात ठेवून अक्का. मठात भाग्यानं 'ऊं' दिला आणि अक्का गायल्या. नंतर मी विचारलं, कसं वाटलं?

"वरच वाटायलंय. पन लेकरू खरं हाय म्हणून गायले."

पुढं सहा वर्षं त्या तशाच गायल्या, दर सोमवारी, स्वतःच्या कानांवर विश्वास न ठेवता. एवढं मोठं मन मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता अक्का नाहीत. मुलानं तयार पिठाच्या पिशव्यांचं दुकान टाकलं आणि गिरणी भंगारात गेली. भाग्या कलबुर्गीला कॉलेजात असते. सुट्टीत आली की मठात सूर तीच देते, आणि मी सवयीनं पेटीवर पडताळून पाहतो.

परवाच्या सोमवारी तिनं 'ऊं' लावला आणि मला वाटलं, पोरगी आज जरा वर गेली. कॉलेजच्या नादात विसरली असेल. मी काळी चार दाबली.

पेटीही चढली होती.

मी भाता सोडला, पुढं सरकलो आणि भाग्याच्या खांद्यावर हात ठेवला.