परचुरेबाईंचा पाणअळीव

इमारतीत नवा भाडेकरू आला की परचुरेबाई एक हिरवं पान घेऊन त्याच्या दारात उभ्या राहत. मी अकोल्याहून कोथरूडला राहायला आलो तेव्हा माझं सामान अजून जिन्यातच होतं. बाईंनी नाव-गाव न विचारता पान माझ्या हातावर ठेवलं. "धुतलंय. चावा." मी चावलं. झणका थेट नाकात गेला, डोळ्यांत पाणी आलं. "मोहरीच्या कुळातला आहे," त्या समाधानाने म्हणाल्या. "आता लावा सामान."

बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. आमच्या सोसायटीमागे, टेकडीच्या पायथ्याशी एक झरा होता आणि त्याचा चिंचोळा ओढा. त्यात हा पाणअळीव वाढे. नाव बाईंनीच ठेवलेलं. लाडवातल्या अळिवाचा हा पाण्यात राहणारा भाऊ, असं त्या सांगत. पोकळ देठ, चकचकीत गोलसर पानं, थंडीत चार पाकळ्यांची बारीक पांढरी फुलं. वर्षानुवर्षं त्याच जागी. पाणी वाहतं आणि स्वच्छ असेल तरच तो टिके. कंप्युटर कंपन्या आल्या, आमच्यासारखे त्यांच्यामागे आले, आमच्यासाठी इमारती उठल्या आणि आसपासच्या ओढ्यांची गटारं झाली. हा एवढाच राहिला होता. बाई रोज सकाळी काठी टेकत तिकडे निघत. "काय बाई, फिरायला?" असं कुणी विचारलं की म्हणत, "छे, हजेरी घ्यायला. एकच विद्यार्थी उरलाय, पण दांडी मारत नाही."

त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियात. गुडघे गेले होते, नातीचीही ओढ होती. दर फोनला "आई, इकडे ये" चाले. "जावंसं वाटतं हो," त्या मला एकदा म्हणाल्या. "पण मी गेल्यावर याला इथे ओळखणार कोण? तुम्ही? तुम्हाला अजून मेथी निवडता येत नाही." खरंच येत नव्हती.

बाईंची पंचाहत्तरी आली. शाल आणि नारळ दिला तर बाई तोंडावर परत करतील, हे सोसायटीला माहीत होतं. म्हणून आमच्याकडच्या आयटीतल्या पोरांनी बेत केला, की बाईंचा लाडका ओढाच स्वच्छ करायचा. कंपनीचे टी-शर्ट घालून ते शनिवारी पहाटेपासून राबले. बाटल्या काढल्या, पिशव्या काढल्या आणि जे जे हिरवं दिसलं तेही मुळासकट काढलं. मग बाईंना आणलं, टाळ्या वाजवल्या. "सरप्राइज, आजी!"

बाई बघत राहिल्या. "छान. अगदी न्हाणीघर केलंत."

पोरं हसली. मला हसू येईना, कारण पाण्यात पाणअळिवाचं एक पानही उरलं नव्हतं. बाईंनी विचारलं, "उपटलेलं कुठे टाकलंत?"

ढीग पार्किंगमागे होता, कचऱ्याची गाडी अजून यायची होती. बाईंनी तिथेच खुर्ची मागवली. "पोकळ देठ शोधा. सांध्याला पांढरी मुळं असतील तर तो जिवंत आहे." इंजिनियर मंडळी उकिडवी बसून चिखलातल्या काड्या निवडू लागली. एक जण रडवेला होऊन म्हणाला, "सॉरी आजी, आम्हाला वीड वाटलं."

"मला सॉरी नको. पाण्यात नेऊन लावा, देठावर दगड ठेवा. नाहीतर वाहून जाईल."

पोरं रोज ऑफिसच्या बसआधी ओढ्यावर डोकावू लागली. बाईंचं लक्ष असे, पण कौतुक करतील तर शपथ. पुढच्या थंडीत फुलं आली.

त्यानंतर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलगा त्यांना न्यायलाच आला. बाई तयार झाल्या, पण मनातून नाही. निघायच्या दिवशी खाली गाडी उभी आणि बाईंचा पत्ता नाही. मी ओढ्याकडे धावलो. वाटेतच त्या भेटल्या. हसत होत्या, आणि डोळे भरलेले होते.

"मला रागावली!"

"कोण?"

"बी विंगमधली नवी मुलगी. या गुडघ्यांमुळे तिच्याकडे पान घेऊन जाणं झालंच नाही. मी ओळखत नाही तिला, ती मला ओळखत नाही. मी जरा ओढ्यात उतरायला गेले, तर कानातली वायर काढून ओरडली, 'ओ आजी, प्लीज, तिथे पाय नका देऊ. गवत नाहीये ते, पाणअळीव आहे.'" बाईंनी पदराने डोळे पुसले आणि माझा दंड धरला. "चला, कुठे आहे ती गाडी?"