आमच्या गाण्याचं तिसरं कडवं

आमची जोडी नावारूपाला आली ती रेडी गावच्या एका आजोबांमुळे आणि मोडली ती माझ्यामुळे. मधल्या चार वर्षांत आम्ही दोघं काय थाटात वावरलो म्हणून सांगू! पांढरे शर्ट, दोन गिटारी, आणि हळूहळू वितळणारी मालवणी प्रेमगीतं. मी विमा एजंट, जोडीदार कणकवलीजवळच्या नांदगावचा, पंपांच्या मोटारींचं वाइंडिंग करणारा. तो गाणी लिहायचा, चाल लावायचा, गायचा. मी गिटार वाजवायचो, खालचा सूर धरायचो आणि दोन गाण्यांच्या मधे बोलायचो. बोलण्यात मला तोड नव्हती, हे मी आजही नम्रपणे सांगतो.

आमचं मुख्य गाणं रुसून दूर गेलेल्या एका मुलीचं. एकेक ओळ संथपणे यायची आणि प्रत्येक ओळीनंतर गिटारीला जागा सोडलेली.

रेडीला एका वाडीच्या कार्यक्रमात आम्हाला पहिल्यांदा मोठं व्यासपीठ मिळालं. आमच्याकडे कुठल्याही कार्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस देवाकडे मागणं मागतो आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेले सगळे "व्हय महाराजा" म्हणतात. त्या संध्याकाळी गाऱ्हाणं संपलं आणि लगेच जोडीदाराने डोळे मिटून सुरुवात केली,

"तिका एकदा तरी माझी याद येऊंदे..."

गिटार वाजली. तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक आजोबा हात जोडून, अगदी मनापासून म्हणाले, "व्हय महाराजा!"

बिचाऱ्यांना वाटलं, गाऱ्हाणं अजून चालूच आहे. सगळा मांडव खदखदून हसला. जोडीदार गोरामोरा झाला. आणि मी? मला तर लॉटरीच लागली! पुढची ओळ आली, "तिचो रुसवो आता जाऊंदे," आणि मी गिटार सोडून दोन्ही हात वर केले. पाचशे माणसं एका आवाजात ओरडली, "व्हय महाराजा!"

कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं. आठवड्यात सगळ्या तळकोकणाने पाहिलं, मग मुंबईच्या चाकरमान्यांनी पाहिलं. आमंत्रणं येऊ लागली. हळदी, गणपतीचे मांडव, समुद्रावरची हॉटेलं. एका लग्नात तर नवऱ्यामुलाने ओळ संपायच्या आधीच आरोळी ठोकली. सासरा म्हणाला, "सवय लावून घे, बाबा."

जोडीदार हसायचा, पण शर्टाची बटणं लावताना हसावं तसा, मान वर न करता. त्याने नवी गाणी आणली. लोक त्यांनाही "व्हय महाराजा" म्हणाले. मुख्य गाण्याचं तिसरं कडवं तर आम्ही व्यासपीठावर कधी म्हटलंच नाही. दोन कडव्यांत लोक इतके तापायचे की मी तिथेच टाळ्या घ्यायचो आणि गाणं आवरायचो. तालमीतसुद्धा ते कडवं माझ्या कानावर धड पडलेलं नव्हतं. त्यात माझ्या गिटारला काम नव्हतं, म्हणून तेवढ्या वेळात मी बाहेर जाऊन पॉलिसीवाल्यांचे फोन उरकायचो.

शिरोड्याच्या किनाऱ्यावरच्या महोत्सवात, व्यासपीठाच्या मागे, त्याने माझं मनगट धरलं.

"आज माका ता गाणा शेवटपर्यंत म्हणूचा आसा. तुझ्या पाया पडतंय, मधी काय करू नको."

"शब्द देतंय रे! माझ्यावर विश्वास नाय?"

"नाय," तो म्हणाला.

त्याने लोकांनाच विनंती केली की आज एकदाच नुसतं ऐका. आणि काय सांगू, लोकांनी ऐकलं! पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. दोन हजार माणसं गप्प. लाटांचा आवाज येत होता. तिसऱ्याआधी तो थांबला, श्वास घेतला, बोटं पट्टीवर सरकवली. ती शांतता मला सोसवेना. समोर दोन हजार चेहरे आणि एकही हसत नाही! माझा हात माइककडे गेला आणि मी हलकेच म्हणालो, "व्हय महाराजा."

सगळा किनारा उसळला. शिट्ट्या, आरोळ्या. आमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा हशा तो. जोडीदाराने गिटारची वायर काढली, कोपर आणि पंजाभोवती तिचे नीट वेढे घेतले आणि तो पायऱ्या उतरून गेला. पुढे त्याने माझा फोन घेतला नाही.

मी दुसरा गायक घेऊन पाहिलं. तो सुरात होता, पण त्याच्याकडे दुखावण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे कुणाला हसू येईना. वर्षभरात लोकांच्या मोबाइलवर दुसरंच काही आलं आणि माझे पांढरे शर्ट ऑफिसला चालू लागले.

यंदा एका महोत्सवाचा निरोप आला. जुनी "व्हय महाराजा" जोडी पुन्हा हवी, दोघं मिळून. मी तडक नांदगाव गाठलं. आठ वर्षांनी.

तो दुकानात तांब्याची तार गुंडाळत होता. केस पांढरे झालेले.

"अरे, तू हयसर खंय?"

सगळं भाषण गाडीत पाठ करून आलो होतो. पण तोंडातून भलतंच निघालं. "माका तिसरा कडवा आयकूचा आसा."

त्याने तार खाली ठेवली. "आणि मधी काय करतलंस?"

"गप बसतलंय."

"तुका जमतला?"

त्याने आतून गिटार आणली. मोटारींच्या ढिगाऱ्यात, दुपारी तीन वाजता, त्याने गाणं सुरू केलं. आवाज थोडा जाड झाला होता. दोन कडवी झाली, तो थांबला. मी मांडीखाली हात दाबून बसलो.

"माका कळला, तू बरी आसस,
आता काय मागणा नाय..."

मागणंच नव्हतं. याद येऊंदे, रुसवा जाऊंदे असं सगळं मागून झाल्यावर तो माणूस त्या मुलीला मोकळं करत होता. तिथे "व्हय महाराजा" म्हणायला जागाच ठेवलेली नव्हती. मी चार वर्षं ते गाणं वाजवलं आणि ते कशाबद्दल आहे हे मला ठाऊक नव्हतं.

त्याने गिटार भिंतीला टेकवली. "आता सांग, कित्याक इलंस?"

"कणकवलीत काम होता. वाटेत थांबलंय."

त्याला ते खरं वाटलं नसावं. पण चहा मागवला. दोघांनी प्यायला.

हायवेवर आल्यावर मी महोत्सववाल्यांना फोन लावला आणि जोडी येणार नाही म्हणून कळवलं.

"मग तुम्ही एकटे या ना. बोलायचात तर तुम्हीच."

"नाही जमणार."

"का हो?"

"घसा बसलाय," मी खणखणीत आवाजात म्हणालो.