चांगल्या डोळ्यावरची पट्टी

माझ्या बहिणीच्या सासूला मी आवडत नाही, आणि हे मला मनापासून आवडतं. माकणीला त्यांच्या घरी गेलो की पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला जात नाही, आपटला जातो.

त्या दिवशी अंगणवाडीत लहान मुलांचे डोळे तपासणार होते. मी पोचलो तर ओसरीवर विहीणबाईंची शिकवणी रंगात आलेली. अंगणवाडीत चित्रांचा तक्ता आदल्या दिवशीच लागला होता. तो पाठ करून येऊन बाई आता चार वर्षांच्या माझ्या भाचीकडून घोकून घेत होत्या. "छत्री, घर, मासा, चांदणी."

"विहीणबाई, ही काय परीक्षा न्हाय."

"तुमी च्या प्या, पाव्हणं. चष्मा लागल्यावर पोरीला करून कोण घेईल? सोयरीक तुमी आणणार हाव का?"

बहीण खाली मान घालून भाकरी थापत होती. पोरगी मान वाकडी करून टीव्ही बघते, हे तिनंच मला चोरून फोनवर सांगितलं होतं.

अंगणवाडीत तपासणाऱ्या बाईंनी भाचीचा उजवा डोळा झाकला. पोरीनं डाव्या डोळ्यानं तक्ता खणखणीत म्हणून दाखवला. विहीणबाईंनी माझ्याकडं अशी नजर टाकली, जणू नात कलेक्टरच झाली. मी सावकाश घसा खाकरला.

"बाई, एकदा खालून वर विचारा की."

बोट चांदणीवर गेलं. "छत्री," पोरगी म्हणाली. बोट माशावर गेलं. "घर."

"ह्या लेकरानं तुमचं काय वाईट केलं वं?" विहीणबाईंनी सगळ्या बायांसमोर मला विचारलं.

"डॉक्टरला लवकर दाखवा," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. "उशीर झाला तर मेंदू त्या डोळ्याचं ऐकायचंच सोडतो."

बहीण उठली. सासूकडं न बघता म्हणाली, "उद्याच धाराशिवला नेते."

चष्मा आला आणि अधू डोळ्याला कामाला लावायला रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी आली. पोरीला सगळं धूसर दिसायचं, ती आदळआपट करायची, आणि हे मामानं केलं असं आजी तिला न चुकता सांगायची. फोनवर पोरगी माझा आवाज ऐकला की फोन टाकून पळायची.

काही महिन्यांनी गेलो. फाटकात गुपचूप उभा राहिलो. पट्टी लावलेली भाची अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला बसली होती. तिनं मान वर केली, पायातली चप्पल काढली आणि फेकली. चप्पल बरोबर माझ्या गुडघ्यावर बसली.

विहीणबाई पोट धरून हसल्या. मीही हसलो. बहीण तेवढी धावत पोरीकडं गेली आणि पट्टी कुठं सुटलीय का, ते कडेकडेनं बोट फिरवून बघत राहिली.