गॅरेजमधला प्रॉम्प्टर

भूत, आत्मा, संकेत असलं काही मी मानत नाही. आमच्या गाण्यांत भुतं भरपूर असतात, पण ती मीच लिहिते, त्यामुळे मला त्यांची भीती वाटायचं कारणच नाही. तरीही हे सांगतेय...

मी आणि माझा नवरा निनाद, दोघांचाच बँड. मी पियानो वाजवते आणि गाते, तो ड्रम्सवर. चेहरे पांढरेफटक, डोळ्यांत भरपूर काजळ, गाणी मरणाबिरणाची आणि चाली मात्र नाचायला लावणाऱ्या. याला डार्क कॅबरे म्हणतात. माझे बाबा सांगलीच्या हौशी नाट्यमंडळात आयुष्यभर प्रॉम्प्टर. व्हिडिओ बघून म्हणाले, "म्हणजे आमचंच नाटक, फक्त पात्रं कमी." त्यांची एक पद्धत होती. नट अडला की आधी विंगेच्या फळीवर नखाने टक्, मग वाक्याचे पहिले दोन-तीन शब्द. शाळेच्या गॅदरिंगला मलाही त्यांनी असंच तारलं होतं.

कोविडमध्ये गिग्ज बंद पडल्या, तेव्हा इथे परदेशात, डँडेनॉन्गच्या आमच्या भाड्याच्या युनिटच्या गॅरेजमध्ये भिंतींना गोधड्या टांगून आम्ही पहिला स्टुडिओ अल्बम करायला घेतला. शेजारी लॉन कापायला लागला की आमचा स्टुडिओ बंद. शेवटचं गाणं मराठी, बाबांवरचं. नाटक संपून सगळे गेल्यावरही विंगेत बसून राहिलेला प्रॉम्प्टर. शेवटची ओळ होती, "दिवे मालवा, निघतो मी." सरप्राइज म्हणून कुणालाच ऐकवलं नव्हतं.

आणि बाबा ऑक्सिजनवर गेले. बॉर्डर बंद, मला निघता येईना. रोज गायला उभी राहायचे आणि त्या ओळीशी अडायचे. बाप हॉस्पिटलमध्ये असताना 'निघतो मी' कसं म्हणायचं?

"आज arvo ला, दुपारी, शेवटचं ट्राय करू," निनाद म्हणाला. "नाही जमलं तर गाणं ड्रॉप करू. नो वरीज."

"मेकअप करून गाते. काजळ असलं की मी रडत नाही."

पियानो आधीच रेकॉर्ड झाला होता. निनाद लॅपटॉपशी, मी माइकसमोर. ओळ आली आणि मी पुन्हा अडले. संगीत पुढे चाललेलं... तेवढ्यात हेडफोनमध्ये टक् वाजलं. मग कुजबूज — "दिवे राहू द्या..."

मी विचारही केला नाही, गाऊन टाकलं. "दिवे राहू द्या, बसतो अजून."

"ओळ कधी बदललीस?" निनादने विचारलं.

"तूच सांगितलीस ना?"

"मी? मला वाटलं तू स्वतःशी पुटपुटलीस."

आम्ही टेक परत ऐकला. बाकी सगळं म्यूट करून फक्त माझा माइक. टक् होतं. कुजबूजही होती. "जुन्या टेकमधलं काहीतरी घुसलं असेल," तो म्हणाला. पण जुन्या कुठल्याच टेकमध्ये हे शब्द नव्हते. मला रडू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. नटाने एक अक्षर इकडचं तिकडे केलं तरी पडदा पडल्यावर त्याची खरडपट्टी काढणारा माणूस... त्याने माझी ओळ बदलली होती. काजळ गालांवर आलं.

संध्याकाळी आईचा फोन. "ऑक्सिजन कमी केलाय गं. जागे झाल्या झाल्या विचारतात काय, तर राणीनं वाक्य घेतलं का? भ्रमात असतील." राणी म्हणजे मी. 

निनाद त्या फाइलवर अजून डोकं फोडतो. मला ते उत्तर सापडलं नाही तरी चालेल. बाबा घरी आल्यावर व्हिडिओ कॉलवर त्यांना गाणं ऐकवलं. त्यांना त्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं. डोळे मिटून ऐकत होते. टक् वाजलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. 

"आवाज माझाच आहे," ते म्हणाले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण प्रेक्षकांना ऐकू गेला तर तो प्रॉम्प्टर कसला? पुढच्या वेळी हळू सांगतो."