गुलालाचा हात

“हात काढ. क्लचवरचा हात काढ, न्हाईतर मनगटापासून तोडून तुझ्याच खिशात घालीन.”

ओरडत होता आमचा दादा, म्हणजे माझा आतेभाऊ, मुळशीतला मोटोक्रॉसचा राजा. ज्याच्यावर ओरडत होता तो चांदे गावचा गडी. तो सुरुवातीच्या गेटावर दादाला खेटून गाडी लावून बसला होता आणि निव्वळ खोडी म्हणून हात लांब करून दादाचा क्लच दाबत होता. मी मचाणावर समालोचनाला बसलेलो, माईक चालू. दादाचं वाक्य कर्ण्यांतून निघालं, पिरंगुटच्या घाटाला थडकलं आणि परत आलं तेव्हा त्यात दोन शिव्या वाढल्या होत्या.

चांदेकरानं हात काढला. “तुझा हात शाबूत ऱ्हाऊ दे बाबा,” तो म्हणाला. “गुलाल मागायला लागतूय तुला.”

त्या हाताचं आधी सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्या हातापायी झाला.

बॅनरवर मोटोक्रॉस छापलेलं असतं, पण आमच्याकडं ही मोटरसायकलींची शर्यत भाताच्या खाचरांत होते. भात निघालं की भरे गावातली आमच्या भावकीची खाचरं मोकळी पडतात. बांधांवर जेसीबीनं माती चढवायची, टँकरनं पाणी मारायचं, झाला ट्रॅक. गाडी एका बांधावरून उडते आणि खालच्या खाचरात पडते. माणूस बहुतेक वेळा तिच्यावरच असतो. बघायला येणारी मंडळी बैलगाड्यांच्या शर्यतींवर वाढलेली, त्यांना गुलालाशिवाय जिंकणं म्हणजे मिठाशिवाय मटण. म्हणून दादानं स्वतःची पद्धत पाडली होती. शेवटच्या फेरीत शेवटचा बांध चढता चढता तो डावा हात सरळ आभाळात करायचा. हात दिसला की बांधाच्या दोन्ही अंगांना बसलेली त्याची माणसं गुलालाची अख्खी पोती उधळायची. दादा हनुवटी छातीला लावून, डोळे मिटून, श्वास धरून त्या ढगात घुसायचा आणि पलीकडून गुलाबी होऊन उडत बाहेर यायचा. मागून येणाऱ्यांनी काय खायचं? गुलाल.

किती वर्षं जिंकत होता ते विचारू नका. वहिनी त्याच्या कपांत डाळी भरून ठेवते, आणि तिच्या घरात डाळींचे जेवढे प्रकार आहेत तेवढे वाण्याच्या दुकानात नाहीत.

जिंकायचा कसा, तर पहिल्या वळणावर त्याला शेजारी माणूस आहे हेच दिसायचं नाही. कोपर, गुडघा, चाक, जे मोकळं असेल ते घालायचा. एकाचा दात त्याच्या मागच्या टायरमध्ये रुतलेला सापडला. दादानं टायर बदलला पण दात जपून ठेवला, म्हणाला, मालक मागायला आला तर नको का द्यायला. चांदेकराचं गळ्याजवळचं हाड त्यानं दोनदा मोडलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी आत पट्टी बसवली, तेव्हा चांदेकरानं दवाखान्यातूनच निरोप धाडला, “आता लोखंड हाय आत. जपून ये.”

त्या वर्षी आणखी एक उपटला होता. लवळ्याच्या होस्टेलात राहून इंजिनिअरिंग शिकणारा. बोलायला लोणी, गाडीवर बसला की साप. सराव करताना एकदा दादाजवळ येऊन म्हणाला, “काका, तुमच्या शेजारचं गेट रिकामं आहे का?” चाळिशीच्या अलीकडच्या माणसाला चारचौघांत काका म्हणणं कोपरापेक्षा वाईट. दादा नुसता चेनला तेल घालत राहिला. एवढं तेल घातलं की खाली बसलेलं कुत्रं उठून गेलं.

आणि वहिनी. ती प्रत्येक शर्यतीला यायची, पण ट्रॅककडं पाठ करून टेम्पोत बसायची. मांडीवर दवाखान्याची पिशवी, तिच्यात टॉवेल, लुंगी, थर्मास, आधार कार्ड. बाळंतपणाला निघाल्यासारखी तयारी. मागच्या साली हँडल दादाच्या पोटात घुसलं होतं आणि डॉक्टरांनी आतला एक भाग काढूनच घेतला होता. घरी आल्यावर वहिनीनं त्याला सरळ ग्रामदेवतेच्या देवळात नेलं.

“नारळ ठिवा,” ती म्हणाली. “ज्या दिशी दुसऱ्याच्या मागं याल, त्या दिशी गाडी घरातनं जाईल.”

“बास एवढंच?” म्हणत दादानं हसत हसत नारळ ठेवला. दुसऱ्याच्या मागं येणं त्याच्या हिशेबातच नव्हतं. पण आमच्याकडं देवळात ठेवलेला नारळ म्हणजे नारळ. तो शब्द मोडला तर भावकी पंगतीला सुद्धा शेजारी बसत नाही. नंतर एकदा गाडी पुसता पुसता मला म्हणाला, “गाडी गेली तर मी करू काय रं? खोल्या भाड्यानं देऊन दारात खुर्ची टाकून बसू?” आमच्या आळीतले निम्मे लोक तेच करतात, पण त्याचा चेहरा असा झाला की मी गप्प बसलो. मी गप्प बसलो म्हणजे बघा.

तर सुरुवातीच्या गेटाचा पाइप पडला आणि शर्यत सुटली.

पहिल्या वळणावर दादानं चांदेकराच्या बरगडीत कोपर घातलं. चांदेकरानं बुटाची लाथ दादाच्या नडगीवर हाणली. ओलं लाकूड फोडल्यासारखा आवाज मचाणापर्यंत आला. मी माईकवर सांगितलं, “मंडळी, रामराम झाला.” पुढच्या बांधावर दोघं हवेत एकमेकांच्या हँडलला भिडले, खाली पडताना चांदेकराचा खांदा दादाच्या तोंडावर आदळला. दादानं ओठाच्या आतलं रक्त त्याच्याच पाठीवर थुंकलं. मग चाकानं चाक, गुडघ्यानं गुडघा. एका वळणावर तर चांदेकरानं चालत्या गाडीवरून दादाच्या हेल्मेटवर बुक्की मारली आणि आपलीच बोटं फोडून घेतली. हिंजवडीकडची मंडळी मोबाइल वर धरून उभी होती. त्यातल्या एकाच्या मोबाइलवर चिखल आणि रक्त दोन्ही उडालं, तो ते पुसायलाच तयार नव्हता.

या दोघांचा संसार रंगात आला असताना होस्टेलवाला आतल्या बाजूनं सळ्ळकन पुढं निघून गेला. कोणाला स्पर्शही न करता.

त्यानंतर दादानं जे केलं त्याला गाडी चालवणं म्हणत नाहीत. ती मारामारीच होती, फक्त बसून. गॉगल चिखलानं भरला तसा त्यानं तो उपटून गर्दीत फेकला. उघड्या डोळ्यांनी, दगडगोटे तोंडावर घेत तो त्या पोराच्या मागं लागला. शेवटच्या बांधाच्या चढावर त्यानं पोराला गाठलं आणि आपलं पुढचं चाक सरळ त्याच्या मागच्या चाकावर चढवलं. पोरगा एका दिशेला उडाला, गाडी दुसऱ्या दिशेला. खालच्या खाचरात दोघांची पुन्हा भेट झाली, गाडी वर, पोरगा खाली. तापलेला सायलेन्सर त्याच्या पोटरीवर. त्याची किंकाळी कर्ण्याशिवाय सगळ्यांना ऐकू आली. दादानं मागं वळून पाहिलं नाही. लोक ओरडले, मीही ओरडलो, “गेला, होस्टेलला गेला.”

बांधाच्या माथ्यावर पिवळा झेंडा घेऊन एक माणूस उभा असतो. पलीकडं कोणी पडलं तर त्यानं झेंडा हलवायचा, म्हणजे मागचे हळू होतात. त्या भल्या माणसानं त्या फेरीला झेंडा हलवून मागच्यांना कडेनं काढलं, पण पोटरी भाजताना पाहवेना तसा झेंडा टाकला आणि गाडी उचलायला खाली धावला. कोणीही तेच केलं असतं. पण आता माथ्यावर कोणी नव्हतं, झेंडा नाही म्हणजे वाट मोकळी, आणि चढून येणाऱ्याला पलीकडचं काही दिसत नाही.

ओढ्याजवळच्या वळणावरून मात्र बांधामागचं खाचर पापणी लवण्याएवढा वेळ दिसतं. फेरी मारून दादा तिथं आला. त्याचं डोकं तिकडं वळलं हे मी मचाणावरून पाहिलं. पोरगा अजून गाडीखालीच होता, झेंडेवाला एकटा ओढत होता. दादाच्या मागं चांदेकर, चांदेकराच्या मागं अख्खी टोळी, सगळ्यांच्या गाड्या पूर्ण वेगात.

बांधाच्या पायथ्याशी दादानं गॅस सोडला. हा माणूस झोपेत सुद्धा गॅस सोडत नाही. आणि त्यानं डावा हात सरळ वर केला.

अजून दोन फेऱ्या बाकी होत्या. पण त्याच्या माणसांनी फेऱ्या मोजणं कधीच सोडलं होतं. ती हात बघायची.

पोती सुटली.

मी माईकमध्ये “नको, नको” म्हणत राहिलो, पण माझं ओरडणं त्यांना रोजचंच. दादाची हनुवटी वर होती, डोळे सताड उघडे होते, गॉगल गर्दीत कुणाच्या तरी खिशात होता. दोन पोत्यांचा गुलाल त्याच्या डोळ्यांत, नाकात, घशात गेला. आंधळ्या माणसानं त्या क्षणी एकच गोष्ट केली, हँडल पोराच्या उलट बाजूला पिळलं. गाडी बांधावरून तिरकी उडाली आणि पाण्याच्या टँकरवर बसली. त्या टँकरला आजही खड्डा आहे, खांद्याच्या मापाचा. मांडीचं हाड पँट फाडून बाहेर आलं. मी धावत पोचलो तेव्हा टँकरची तोटी तुटून पाणी त्याच्यावर पडत होतं आणि खाचरात जे वाहत होतं त्यातलं रक्त किती आणि गुलाल किती ते सांगता येत नव्हतं.

इकडं चांदेकरानं हात पाहून करकचून ब्रेक मारला होता. तो चढावरच आडवा झाला आणि मागची टोळी त्याच्यावर येऊन पडली. हँडलं, पाय, शिव्या, पेट्रोल. ढिगाऱ्याखालून तो एकटा निघाला, लोखंडासकट. बांधाला वळसा घालून पोराला चुकवत गेला आणि राहिलेल्या फेऱ्या मारून पहिला आला. गुलालाच्या ढगात पंचांना काही दिसलं नव्हतं, त्यामुळं शर्यत कोणी थांबवलीच नाही.

दवाखान्यात डॉक्टरीण बाई दादाकडं बघून म्हणाल्या, “सुरुवात कुठून करू?” नर्स लाल दिसेल तिथं पुसत होती. पुसलं की काही ठिकाणी कातडी निघायची, काही ठिकाणी भोक.

पाय ताणून टांगल्यावर पंच आले. जुने पैलवान, कान भजीसारखे. त्यांच्या मागं दारात चांदेकर, बोटांना पट्ट्या, काखेत कप. पोरगाही कुबडीवर आला होता. वहिनी खाटेच्या कडेला, पिशवी अजून हातात.

“काका,” पोरगा म्हणाला, “तुम्ही हात वर केलात म्हणून मी आहे.”

“म्याबी हात बघूनच ब्रेक मारला,” चांदेकर कपाकडं बघत म्हणाला. “खोटं कशाला बोलू.”

पंच खाटेजवळ सरकले. “मंग ऐक. दोन फेऱ्या राहिल्या व्हत्या. तवा कोन गुलाल मागतंय? तू मागच्यांना थांबवाया हात केलास, एवढं तुझ्या तोंडानं सांग, न्हाईतर निकाल हाय तसा ऱ्हाईल. सांगितलंस की शर्यत रद्द. पाय बरा झाला की पुन्ना घेऊ. तू कुनाच्या मागं आलाच न्हाईस.”

गाडी राहणार होती. मला तर माईक हातात घ्यावासा वाटला. वहिनीनं पिशवीतला टॉवेल काढला, ओला केला आणि दादाच्या कानामागचा गुलाल पुसायला लागली. दादा तिच्या हाताकडं बघत राहिला. मग पोराच्या पोटरीकडं एकदा बघितलं.

“सांग की,” पंच म्हणाले. “हात कशाला केला व्हतास?”

“गुलाल मागितला व्हता,” दादा म्हणाला.