टोपीच्या आतला हिसका

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर हसणारा माणूस. रत्नागिरीत अम्मी उरुसाला न्यायची, तेव्हा ती दर्ग्यात आणि मी बाहेर भज्यांच्या गाडीवर! त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय...

कुवेतला शुवैखमध्ये मी कोल्ड स्टोरेजची दुरुस्ती करतो. त्या शुक्रवारी दुपारी गोदामाला सुट्टी. मदतीला तिथला स्टोअरकीपर गिर्गिस – इजिप्तचा, कॉप्टिक ख्रिश्चन. फ्रीझर रूमचं आतलं हँडल बदलायचं होतं. जुनं मी काढलं, नवं बाहेर गाडीत राहिलं. आणि गिर्गिसने सवयीने दार ओढून घेतलं! थंडी बाहेर जाऊ द्यायची नाही, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण.

आत उणे अठरा. मोबाईलला रेंज नाही. स्क्रूड्रायव्हर लावून पाहिला, लाथा घातल्या, बोंबललो. ऐकायला होतंच कोण?

शेवटी कोंबडीच्या खोक्यांवर समोरासमोर बसलो. जॅकेटं होती, पण ती घटकाभर काम करण्यापुरती. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं... मी जाम घाबरलो होतो.

गिर्गिसने पाकिटातून एका संताचं चित्र काढलं. त्यांच्या वाळवंटातल्या मठातला फार जुना साधू. चित्राला बोटं लावायची, मग ती ओठांना टेकवायची – आणि वर त्याच्याशी चक्क भांडायचं! "दर सुट्टीत तुझ्या मठात येतो ना मी? आता कुठे आहेस?"

"तो काय चावी घेऊन येणारे?" मी म्हटलं.

"झोपू नकोस, सदीक," तो म्हणाला. सदीक म्हणजे त्यांच्या अरबीत दोस्त. "झोपलास की संपलास."

पण डोळे मिटायला लागले. बरं वाटायला लागलं, तेच वाईट. इतक्यात लोकरी टोपीच्या आत कुणीतरी माझे केस मुठीत धरून वर खेचले. डोळ्यांत पाणीच आलं!

"केस सोड रे!" मी खेकसलो.

गिर्गिस समोरच होता, दोन्ही हात काखेत. तो माझ्याकडे बघतच राहिला.

पुन्हा डुलकी, पुन्हा हिसका. किती वेळा, अल्ला जाणे. संध्याकाळच्या फेरीचा माल न्यायला आलेल्या ड्रायव्हरने दार उघडलं, तेव्हा मी जागा होतो.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना गिर्गिस म्हणाला, "प्रार्थना करताना झोप लागू नये म्हणून तो साधू आपले केस दोरीने छताला बांधायचा. डुलकी आली की हिसका."

गिर्गिस उठला, माझ्या डोक्याला बोटं लावली आणि ती ओठांना टेकवली.

लेकीचं लग्न झालं, मी तिथे होतो. बाकी खुलासा माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा – फक्त एवढं धरून चाला, की ती लेक जन्मायच्या आधीपासून मला पूर्ण टक्कल आहे.